तेरा तारखेच्या पुढची माणसं

मुरबाडच्या बाजारपेठेत भगीरथकाकांचं झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर वरून खाली लिहिलंय: झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो. त्याच्याही खाली, नंतर रंगवल्यामुळं जरा तिरकं झालेलं: संगणकावर पत्रिका व गुणमेलन.

काका ज्योतिषी नाहीत. हे ते स्वतःच प्रत्येकाला सांगतात. "मी काय जाणकार नाय. मी तारीख टाकतो, बोलतो तो," असं म्हणून अंगठ्यानं कंप्युटर दाखवतात. घरातल्या बहिऱ्या सासऱ्याकडं बोट दाखवावं तसं.

काका आधी वाशिंदला एका कारखान्यात होते. तो बंद पडल्यावर गावाकडं आले आणि झेरॉक्सचं मशीन घेतलं. पत्रिकेचा प्रोग्रॅम मात्र त्यांनी ठरवून घेतलेला नाही. कल्याणच्या कुठल्याशा प्रदर्शनात एक पोरगा सीडी विकत उभा होता. त्यानं विचारलं, "काका, घेणार का?" आणि काकांना नाही म्हणता आलं नाही. झालं, तेवढ्यावर ते मुरबाड तालुक्याच्या सोयरिकींत शिरले.

नाही म्हणता न येणं हा काकांचा जन्मजात आजार. आमच्या भागात 'नाय' हा शब्द दर वाक्याला मिठासारखा लागतो, पण काकांच्या तोंडून तो नकारासाठी कधी निघालेला कुणी ऐकलेला नाही. दुकानात कुणीतरी 'तासाभरासाठी' ठेवलेलं तांदळाचं पोतं आहे, त्याला आता उंदरांनी आपलं मानलंय. बाजारपेठेतली दोन गणपती मंडळं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आणि दोन्हीकडं खजिनदार म्हणून भगीरथकाकाच आहेत.

आमच्याकडं पूर्वी सोयरीक जमवताना पत्रिका कुणी विचारत नव्हतं. कूळ, देवक, पोरगा पितो का आणि घराजवळ पाणी आहे का, एवढं बघून सुपारी फुटायची. आता पोरगा कंपनीत लागला की त्याला पत्रिका लागते. पण पत्रिकेला जन्मवेळ लागते आणि ती आमच्या आयांना विचारावी तर उत्तर येतं, "गुरं सुटायच्या टायमाला," नाहीतर "शेवटची एसटी गेली आणि हा झाला." काका त्याचं घड्याळात भाषांतर करत. जन्मगावाची वेगळीच गंमत. त्या जुन्या प्रोग्रॅमच्या यादीत मुरबाडही नाही आणि शहापूरही नाही, सगळ्यात जवळचं गाव कल्याण. त्यामुळं काकांच्या हिशेबानं आमच्या दोन्ही तालुक्यांत कधी कुणी जन्मलेलंच नाही. सगळे कल्याणला जन्मले आणि एसटीनं घरी आले.

माझं शहापूरला कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दिवाळी होऊन गेली होती, तुळशीची लग्नं लागली होती. काकांचा फोन आला. "सुयोग, जरा येऊन जा रे. हा मधीच बंद पडतोय."

किन्हवलीवरून, सरळगाववरून गाडी हाणत मुरबाडला पोहोचलो. दुकानात काका होते आणि झेरॉक्सच्या मशीनपाशी अंजू उभी. अंजू पूर्वी काकांकडंच टायपिंगला होती, आता आसनगावला मेडिकलच्या दुकानात आहे. सुट्टी टाकून आली होती. काम सोडलं होतं तरी गिऱ्हाइकांचे कागद तीच मशीनमध्ये सरकवत होती, जणू मधली वर्षं गेलीच नव्हती.

"कधीपासून बंद पडतोय?" मी विचारलं.

"होळीपासून."

"आणि आत्ता सांगताय?"

काका खुर्चीत जरा हलले. "त्यात वाईट असं काय नव्हतं."

मग जे ऐकलं त्यानं मी हबकलोच. होळीच्या सुमारास काकांच्या कंप्युटरमध्ये नवीन विंडोज आली. त्यानंतर गुणमेलन करताना प्रोग्रॅम मध्येच गायब व्हायला लागला. सगळ्यांच्या वेळी नाही, पण बऱ्याच जणांच्या. दोन नावं टाकायची, तारखा टाकायच्या, बटण दाबायचं, की खिडकी फटकन नाहीशी. ना काही निरोप, ना चूक दाखवणं. एखाद्याची सोयरीक घेऊन यावं आणि समोरच्यानं उत्तर न देता उठून आत निघून जावं, तसं. पहिल्यांदा झालं तेव्हा काका घाबरले. पण गिऱ्हाईक घाबरलं नाही. ते घरी जाऊन सांगत सुटलं की मुरबाडच्या भगीरथचा कंप्युटर लई कडक आहे, वाईट योग दिसला की तोंडच मिटून घेतो.

"लोकं वाढली रे," काका म्हणाले. "टोकावड्यापासून येतात. म्हणतात, माणूस खोटं बोलंल, मशीन कशाला बोलंल."

"आणि बंद पडला की?"

"सोयरीक मोडतात."

मी काकांकडं बघत राहिलो. इकडं एक प्रोग्रॅम बिघडतो आणि तिकडं तालुक्यातली लग्नं मोडतात, आणि हा माणूस म्हणतो वाईट असं काय नव्हतं.

"मग आता काय झालं मला बोलवायला?"

उत्तर झेरॉक्सकडून आलं. अंजूनं मागं वळूनही बघितलं नाही. "आता माजं नाव टाकलंय."

अंजूचं रोशनशी जमत आलं होतं. रोशन वाशिंदला कंपनीत आहे. जमवलं काकांनीच, म्हणजे दोघांनी आपसात जमवलं होतं आणि काकांना मध्यस्थ व्हा म्हणाले, तर काका नाही कसं म्हणणार. पण रोशनला वाढवलं त्याच्या आत्यानं, सकुबाईनं. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून आत्या म्हणेल ती पूर्वदिशा. सकुबाई पत्रिका घेऊन आली, प्रोग्रॅम बंद पडला. दुसऱ्या बाजाराला पुन्हा आली, पुन्हा बंद पडला. तिसऱ्यांदा बघायला ती आज येणार होती.

"तिसऱ्यांदा मिटला तर हा विषय संपला, असं सांगितलंय तिनं," काका म्हणाले. "रोशनला दुसरी मुलगी बघितलीय."

"आणि रोशन काय म्हणतो?"

"रोशन म्हणतो, आत्याला समजाव," अंजू म्हणाली. "मी म्हटलं, मी कंप्युटरला समजावू का आत्याला?"

मी कामाला लागलो. आधी अँटिव्हायरस काढला. मग डबा उघडून मेमरीची पट्टी काढली, तिचे दात शाळेतल्या खोडरबरानं घासले. आमच्या धंद्यात निम्मे आजार याच औषधानं जातात. आतून धूळ निघाली, एक मेलेली पाल निघाली, आणि उदबत्तीची राख.

"हे काय?"

"बंद पडायला लागला तशी रोज एक लावतो."

"कशाला?"

"तू येईस्तोवर," काका म्हणाले.

प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला. नव्या सिस्टममध्ये जुन्या प्रोग्रॅमला सांगता येतं की बाबा, तू जुन्याच घरात राहतोयस असं समज. तेही सांगितलं. मग मी माझीच तारीख टाकली, चार मार्च, आणि समोर काकांच्या मुलीची, काजलची, पाच ऑगस्ट. बटण दाबलं. झकास उघडला. गुण वगैरे आकडे आले ते मी बघितले नाहीत, कारण काजलचं लग्न होऊन गेलंय आणि तिचा नवरा माझ्यापेक्षा उंच आहे.

"झालं बघा," मी म्हणालो आणि अंजूची तारीख टाकली. तेवीस सप्टेंबर.

खिडकी गायब.

माझ्या मानेवर काटा आला, हे खरं सांगतो. इतकी वर्षं मी मशीनं उघडतोय, मशीनला मन नसतं हे मला ठाऊक आहे, पण त्या क्षणी मला वाटलं की त्यानं अंजूला ओळखलं. काका तर अंजूकडं असं बघत होते की जणू डॉक्टरांनी बाहेर येऊन चष्मा काढलाय.

मी नाव बदललं, तारीख तीच ठेवली. गायब. अंजूला काढून रोशनची टाकली, सतरा जानेवारी. गायब.

"म्हंजे आमी दोघंबी तसलेच," अंजू म्हणाली. "मंग जोडा चांगलाच की."

तेवढ्यात सकुबाई आली. एका हातात बाजाराची पिशवी, पिशवीतून डोकावणारा सुका बोंबील. अंजूवरून तिची नजर भिंतीवरून जावी तशी गेली. स्टुलावर बसली, पदरानं तोंड पुसलं.

"टाक रे भगीरथ. मला परत जायाचंय."

"चा घे आधी, सकूबाय."

"चा पिऊन योग बदलतो का?"

काका माझ्याकडं बघायला लागले. मला वेळ काढायचा होता. म्हणालो, "मावशी, मशीन आत्ताच उघडलं होतं. आधी नीट चालतं का बघू. तुमची तारीख द्या."

"माजी कशाला? माजं लगीन झालं, माणूसबी गेला."

"नुसती चाचणी."

तिनं कमरेच्या पिशवीतून आधार कार्ड काढलं. एक जून. त्याच प्लास्टिकमध्ये घडी घालून ठेवलेली नवऱ्याच्या, चांगोमामांच्या कार्डाची झेरॉक्स. तीही एक जून. आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या अर्धा तालुका एक जूनला जन्मतो. शाळेत नाव घालताना गुरुजी तीच तारीख लावत आले.

बटण दाबलं. उघडला. लोण्यासारखा.

"एकोणतीस," काका म्हणाले.

"एकोणतीस काय?"

"गुण. छत्तिसातले. तुझे आणि चांगोचे."

सकुबाईनं स्क्रीनकडं बघितलं. तिला वाचता येत नाही, तरी बघत राहिली. चांगोमामांना सगळी पंचक्रोशी ओळखत होती. माणूस प्यायचा, मारायचा, आणि सकुबाईनं माहेरून आणलेली म्हैस त्यानं म्हसा गावच्या जत्रेत विकून टाकली होती, हे लहान पोरांनाही ठाऊक होतं.

"त्या माणसानं मला लगीन झाल्यापासून एक दिस गोड हाक मारली नाय," ती सावकाश म्हणाली. "एकोणतीस कशाचे आले? शिव्यांचे?"

"तारीख खरी नाय ना," काका घाईनं म्हणाले. "शाळेतली हाय."

"मी कवा गेले शाळंत? ती आधारवाल्या पोरानं टाकली. म्हणाला, आजी, तुला एक जून देतो."

अंजू हसली आणि लगेच कागदांत मान घातली. पण माझं हसू अर्ध्यावर राहिलं. एक जून उघडला. माझी चार मार्च उघडली. काजलची पाच उघडली. तेवीस नाही, सतरा नाही.

"काका, आणखी कुणाकुणाची बंद पडली? तारखा आठवतात?"

काकांना माणसं पाठ असतात. "धसईची जना. एकोणीस. सरळगावचा तो ट्रॅक्टरवाला, अठ्ठावीस. शेणव्याची…"

"पुरे," मी म्हणालो. एका बाजूला माझी तारीख टाकली, दुसऱ्या बाजूला नुसता आकडा बदलत गेलो. दहा, उघडला. अकरा, उघडला. बारा, उघडला. तेरा टाकला आणि खिडकी गेली. चौदा, गेली. तीस, गेली.

"तेरापास्नं पुढं सगळी बंद," अंजू माझ्या मागं येऊन उभी होती.

"तेराव्याचं नाव नको काढू गो बाजाराच्या दिवशी," सकुबाई म्हणाली. पण तीही पुढं वाकली होती.

बारा. एका वर्षात बारा काय असतं हे कळायला डोकं लागत नाही, नजर लागते. मी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात बघितलं. तिथं घड्याळाखाली तारीख होती. आधी महिना, मग दिवस. इतका वेळ ती माझ्या नाकासमोर होती आणि मी आतली पाल काढत बसलो होतो.

"काका, नवीन विंडोज टाकली कुणी?"

"टाकतंय कोण. रोज विचारायचा बिचारा, नवीन घेऊ का, नवीन घेऊ का. एक दिवस म्हटलं, घे."

"मग देश कुठला विचारला असेल."

"विचारला ना. त्यानं आधीच कुठंतरी टिक करून ठेवली होती. म्हटलं, ठेवलीय त्यानं, तर आपण कशाला नाय म्हणा. पुढं, पुढं दाबत गेलो."

"अमेरिका होती ती टिक."

"असंल. घड्याळ तेवढं उलटं दाखवत होता, भर दुपारी मध्यरात्र. ते मी हातानं बरोबर केलं."

म्हणजे होळीपासून काकांचा कंप्युटर अमेरिकेत होता आणि काकांनी त्याच्या मनगटावर मुरबाडचं घड्याळ बांधलं होतं. अमेरिकेत आधी महिना लिहितात, मग दिवस. काका आपल्यासारखं आधी तेवीस टाकणार, मग नऊ. तो जुना प्रोग्रॅम ती तारीख सिस्टमकडं द्यायचा, सिस्टम सांगायची तेवीस नंबरचा महिना नसतो, आणि प्रोग्रॅमला पुढं काय करायचं हे शिकवलेलंच नव्हतं. तो चक्कर येऊन पडायचा. योग नाही, दोष नाही, ग्रह नाही. बारा तारखेच्या आत जन्मलेले सुटायचे आणि तेराच्या पुढची माणसं मरायची.

मी हे जमेल तितकं सोपं करून सांगितलं. अंजूनं हात तोंडावर ठेवला. सकुबाई म्हणाली, "म्हंजे मशीनला कळतच नव्हतं." मी हो म्हणालो.

काका मात्र वेगळंच बघत होते. त्यांनी जे विचारलं ते त्यांनी विचारू नये असं मला वाटत होतं.

"सुयोग, मंग जी उघडली ती?"

"काका…"

"बारापर्यंतची. ती उघडली ना. एवढ्या लोकांना मी गुण सांगितले."

"ती उलटी वाचली. पाच ऑगस्ट म्हणजे त्याला आठ मे."

काका हळूच खुर्चीत मागं टेकले. पाच ऑगस्ट कुणाची हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. काजलचं लग्न वैशाखात झालं, आसनगावात दिलीय. जावई मंगेश, त्याची अकरा फेब्रुवारी. याच खुर्चीवर बसून काकांनी एकतीस गुण काढले होते आणि त्या दिवशी झेरॉक्सला आलेल्या प्रत्येकाला पेढा दिला होता. काजलला आता दिवस गेलेत.

मी देश बदलला. भारत. कोपऱ्यातली तारीख वळली, दिवस पुढं आला. इतकंच काम होतं. उदबत्तीची राख पुसण्यापेक्षा कमी.

"आता टाक अंजूची," सकुबाई म्हणाली.

"आधी काजलची टाक," काका म्हणाले.

"कशाला काका. राहू दे."

"टाक म्हणतो ना."

मी टाकली. उघडला, न अडखळता. आकडा आला आणि खाली लाल अक्षरांत एक ओळ. नऊ गुण. नाडी एक. ज्यांना यातलं कळतं ते सांगतील की एक नाडी म्हणजे लेकरांना वाईट. मला यातलं काही कळत नाही, पण काकांना इतक्या वर्षांत वाचून वाचून कळायला लागलं होतं. त्यांचे हात टेबलावर होते ते टेबलावरच राहिले. बाहेर टमटमवाला सरळगाव, सरळगाव ओरडत होता, ते फार लांबून आल्यासारखं वाटत होतं.

"काय आला?" सकुबाईनं विचारलं.

काकांनी मला खूण केली, अंजू आणि रोशन. मी तारखा टाकल्या. तेवीस आणि सतरा. बटण दाबताना अंजूनं माझ्या खुर्चीची पाठ धरली होती, ते मला खुर्चीतून कळत होतं.

बंद पडला नाही. उघडला. चौदा.

अठराच्या खाली गेलं की नको म्हणतात. अंजूला वाचता येत होतं. तिनं खुर्ची सोडली, झेरॉक्सपाशी गेली आणि तिथं ठेवलेला कुणाचा तरी सातबारा उगाच परत मशीनमध्ये घातला.

आता एक लक्षात घ्या. सकुबाईला वाचता येत नव्हतं. काकांनी बत्तीस म्हटलं असतं तर बत्तीस झाले असते, आणि मी शपथेवर हो म्हणालो असतो. आणि भगीरथकाका म्हणजे समोरच्याला हवं ते देणारा माणूस. मी बत्तीसाचीच वाट बघत होतो.

"चौदा आले, सकूबाय," काका म्हणाले.

"म्हंजे?"

"कमी."

सकुबाईनं पिशवी उचलली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट सुटल्यासारखं होतं. "मंग झालं तर. मशीन बरं झाल्यावरबी तेच सांगतंय. चल, मी…"

"बस," काका म्हणाले. "काजलचे नऊ हायेत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सकुबाई कोण, तर काजलच्या सासूची बालमैत्रीण. दोघी एका गावच्या लेकी, महिन्यातून दोनदा एकमेकींच्या ओसरीवर. जे सकुबाईला दुपारी कळतं ते आसनगावला दिवेलागणीपर्यंत पोहोचतं. पोटुशी सून, एक नाडी, नऊ गुण आणि एकतीसचे पेढे वाटलेला बाप. काका आपल्या पोरीचं घर उचलून त्या म्हातारीच्या मांडीवर ठेवत होते.

"नऊ?" सकुबाई म्हणाली.

"नऊ. आणि नाडीबी एक. मी एकतीस सांगितले होते ते खोटे. मुद्दाम नाय, पण खोटे." काकांचा आवाज सरळ होता, फक्त प्रत्येक शब्द वेगळा उचलून ठेवत होते. "तू परवा गेलतीस ना आसनगावला. कशी हाय काजल?"

सकुबाई उभीच होती. पिशवी हातात तशीच.

"बरी हाय."

"नीट सांग."

"नीटच सांगते. सासू डोक्याला तेल लावत होती तिच्या. मंगेशनं चा केलता. मी म्हटलं, काय गो बाय, नवऱ्याला चूल धरायला लावलीस, तर सासूच म्हणाली, असूदे, त्याचा चा चांगला होतो." ती थांबली. मग पुन्हा स्टुलावर बसली. "नऊ म्हणतोस?"

"नऊ."

"आणि माजे एकोणतीस."

"ती तारीख…"

"कळलं रे, तारीख खोटी. पण हिची तर खरी हाय ना? काजलची?"

"खरी. दवाखान्यातली."

झेरॉक्सच्या झाकणाखालून तो हिरवट उजेड इकडून तिकडं गेला. अंजू सातबाऱ्याच्या किती प्रती काढत होती कुणास ठाऊक. सकुबाई त्या उजेडाकडं बघत होती आणि मला वाटतं, ती म्हैस आठवत होती.

"भगीरथ, मंग हा आकडा मोजतो तरी काय?"

"मला ठाऊक नाय," काका म्हणाले. "मी तारीख टाकतो."

बोंबलाचा वास दुकानभर झाला. मग सकुबाईनं कानावरचा पदर मागं सारला आणि बोट कानात घालून हलवलं.

"मला हल्ली ऐकू कमी येतं. डाव्या कानानं तर कायच नाय. तू चौदा म्हणालास का चोवीस, का नऊ म्हणालास, मला काय कळलं नाय." आणि मग, इतक्या वेळात पहिल्यांदा अंजूला हाक मारत, ती झेरॉक्सकडं वळून म्हणाली, "ए अंजू, ते बंद कर आणि चा सांग. माज्यात साखर कमी."

अंजूनं मशीन बंद केलं. मग चहा सांगायला बाहेर गेली ती बराच वेळ आलीच नाही. चहावाला आधी आला.

सकुबाई गेल्यावर एक जण दोन चिठ्ठ्या घेऊन आत आला. "भगीरथशेठ, जरा हे बघता का? पोराचं…"

"नाय," काका म्हणाले.

त्या दिवशी मी बरंच काही बघितलं होतं, पण खरा धक्का मला या शब्दानं बसला. तो माणूसही गोंधळला. काकांनी त्याला समजावून सांगितलं की पत्रिका बंद, झेरॉक्स हवी तर काढून देतो. माणूस गेला. काकांनी शटर अर्धं ओढलं.

"गाडी हाय ना तुजी? धसईला चल."

जना धसईच्या अलीकडं वाडीत राहते. होळीनंतर तिचं जमलेलं मोडलं ते याच दुकानात, एकोणीस तारखेपायी. तो पोरगा दुसरीकडं लग्न करून मोकळाही झाला. जना अंगणात भात वाळवत होती. काकांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, महिना, दिवस, अमेरिका. त्यातलं निम्मं तिला कळलं नसेल. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"म्हंजे माज्यात काय नव्हतं?"

"नव्हतं, पोरी. माज्यात होतं."

ती आत गेली. आम्हाला वाटलं, आता तिचा बाप बाहेर येणार आणि पुढचं मी सांगायला नको. पण तीच आली, तांब्याभर पाणी घेऊन. काकांना दिलं, मला दिलं, आणि पुन्हा भात पसरायला बसली. आम्हाला जा म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही. मग बाकीच्यांकडंही गेलो. सरळगावचा ट्रॅक्टरवाला ऐकून हसला, शेणव्याच्या घरी दार उघडलं नाही. पण काकांनी मला वाटेत गाडी थांबवायला लावली ती फक्त धसईहून येताना.

अंजू-रोशनचं लग्न मार्गशीर्षात लागलं. जेवणाच्या पंगतीत सकुबाई आणि काजलची सासू एकाच चटईवर, मांडीला मांडी लावून. काजल शेजारी, पोट सांभाळत. काका वाढायचं सोडून भाताची बादली हातात घेऊन तिथंच घुटमळत होते. सकुबाईचं तोंड हललं की काकांची बादली थरथरायची. मी वरणाचं पातेलं घेऊन मागं होतो, त्यामुळं मला दोन्ही दिसत होतं.

शेवटी सासूच म्हणाली, "काय हो भगीरथभाऊ, आमच्या काजलचे एकतीस आलते. ह्यांचे किती?"

काकांनी डाव भातातच रोवला. सकुबाई तोंडातला घास पूर्ण चावून झाल्याशिवाय बोलली नाही.

"त्याला काय विचारतीस? आणि जोरात बोल जरा," ती मैत्रिणीला म्हणाली. "मला ह्या कानानं ऐकू येत नाय." मग काकांकडं पान सरकवलं. "भात वाढ रे. उभा काय ऱ्हायलायस."

काकांनी भात वाढला. इतका वाढला की ती पुरे, पुरे म्हणत राहिली.